मधला क

आमच्या आडनावाचं गाव सापडत नव्हतं.

दादांनी सर्व्हेचे नकाशे मिळवले, मैलाला इंचवाले,
भिंग घेऊन खाडी-खाडीनं कोकण उतरत गेले.
केळशी होती, केळूस होतं, केसल कुठंच नव्हतं.
एका मे महिन्यात आम्हाला घेऊन थेट राजापूर गाठलं.
तिथल्या पोस्टमननं पलीकडचा तालुका सांगितला,
पलीकडच्यानं अलीकडे बोट दाखवलं.
आंबे खाऊन बडोद्याला परत आलो.

गाव नाही म्हणून देवही नाही.
माझ्या लग्नात भटजींनी गोत्र विचारलं. दादा गप्प.
भटजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं
आणि आम्हाला कश्यपाच्या ओटीत टाकलं.
ज्याचं कुणी नाही, त्याचा कश्यप.

मग दांडिया बाजारातल्या शाळेत वाळवी लागली.
जुनी रजिस्टरं गच्चीवर उन्हात पसरली होती,
यशोधर पाग्यांनी तिथून फोन केला: ये आणि बघ.
सन चौदा, भाद्रपद. अंताजी, वय सहा.
आई: मयत.
पालक: धोंडोपंत खोपकर, सूतगिरणीचे भांडारी.
आडनाव: केसलर.
आणि ल नि र यांच्या मधे, खाली काकपद देऊन,
वेगळ्या शाईनं, अंग चोरून बसलेला एक क.

चूक कसली? पाग्यांनी पुढचा कागद काढला.
वरून विचारणा: शाळेत शत्रुमुलुखाचे मूल आहे काय?
त्याच अक्षरात, त्याच शाईत उत्तर: नाही.
खाली सही, भा. स. फणसे, दुय्यम शिक्षक.

बाप आंतोन. गिरणीचा बॉयलर बसवायला आलेला.
स्टेशनापासून सोळा बैल लावून त्यानं तो गावात आणला,
वर्षभर वाफ धरली,
आणि लढाई लागल्यावर शिपायांनी त्याला
नगरच्या छावणीत नेऊन ठेवलं.
मुलाला मराठी येत होतं, गोरेपण चित्पावनांत खपण्यासारखं.
फक्त नाव उघडं पडत होतं.
फणसे मास्तरांनी त्यावर एक अक्षर पांघरलं.

विद्यापीठाच्या लायब्ररीत मी जर्मन कोश उघडला.
केसेल म्हणजे हंडा, तपेलं, बंब. बॉयलरसुद्धा.
शेवटचा एर म्हणजे करणारा.
पण एखाद्या गावचा असला, तरीही एरच.
म्हणजे तिकडेही हाच घोळ!
पेणकरातला कर पेणचा,
प्रभाकरातला कर प्रभा करणारा.
मास्तरांना जर्मन येत नसावं. येत असेल तर
त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.
कोशात शेवटी बारीक टाइपात होतं,
की केसेल नावाची दोन-चार गावंही आहेत.
मी पुस्तक मिटलं. पुन्हा नकाशे नकोत.

दादांनी सगळं ऐकून घेतलं.
म्हणाले, म्हणजे हापूस आपला नव्हे?
बराच वेळ सुपारी कातरत बसले, खाल्ली नाही.
मग विचारलं, त्या आंतोनला नगरहून सोडला का कुणी?
रजिस्टरात त्याचा रकाना नव्हता.

परवा मांडवीजवळ तांब्याचा हंडा घेतला.
घरात नळ आहे, गीझर आहे, हंड्याचं काम नाही.
तरी घेतला. कंसारा म्हणाला, नाम नाखुं?
मी दादांचं आडनाव सांगितलं.
केसल? ए कयुं गाम?
गाम नथी, काका, म्हटलं. काम छे.
त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे.
हंडा मांडीत घेऊन तो ठिपके उठवू लागला,
के. स.
हंडा आतून घुमत होता.
ल.
हातोडी थांबली. पछी?

रस्त्यावरून एक रिक्षा गेली.
मी म्हटलं, क.